हिरड्या मजबूत आहेत

६ जानेवारी १९३६, सांगवी
आजपासून दात दोन वेळा घासायचे, सकाळी आणि जेवणानंतर. बारामतीहून ब्रश आणला. सांगवीत ब्रश असलेला मीच पहिला असणार. मार्चमध्ये डेप्युटी साहेब शाळा तपासायला येतील. इंदापूरला हेडमास्तरची जागा रिकामी आहे. त्यांच्यापुढं घ्यायचा पाठ ठरवला : ‘दात व हिरड्यांची निगा’. आधी आपण करावं, मग शिकवावं.

८ जानेवारी
ब्रशला रक्त. हिरड्यांना विश्रांती हवी. ब्रश खुंटीला. तंबाखूनं जंतू मरतात, तूर्त तेवढं पुरे.

१४ जानेवारी, संक्रांत
ऊस खाताना कांड्याला रक्त लागलं. बायकोनं पाहिलं. कौसल्या म्हणते, मिठाच्या पाण्यानं चुळा भरा, बाभळीच्या काडीनं हलक्या हातानं घासा, रक्त आलं तरी सोडू नका. तिच्या आईचे दात म्हणे साठीतही शाबूत. मी ट्रेनिंग झालेला मास्तर, हिला सही येत नाही. रक्त येतंय तिथंच घासायचं, हे कुठलं शास्त्र? अंगातली उष्णता बाहेर पडते आहे. पडू दे.

२ फेब्रुवारी
शाळेत वचक वाढला. पाटी बघायला वाकलो की मुलं आपोआप मागं सरकतात. महिपती, माझा ज्युनिअर, हल्ली दोन हात लांब उभा राहून बोलतो. पूर्वी इतका मान देत नव्हता. हेडमास्तरकी आधी चेहऱ्यावर येते, ऑर्डर मागून.
कौसल्येनं अंथरूण चुलीपाशी नेलं. थंडी वाजते म्हणाली.

१९ फेब्रुवारी
खालचा पुढचा दात हलतो. जिभेनं दाबला की बसतो. म्हणजे मूळ पक्कं आहे. कौसल्येचा धोशा, बारामतीच्या डॉक्टरकडं चला. पाठ झाल्यावर जाईन. दातांचा पाठ घेणारा मास्तर दवाखान्यात दिसला तर गाव काय म्हणेल?

२५ फेब्रुवारी
जेवताना कौसल्या खाली बघत म्हणाली, “तुमच्या तोंडाला लई वास येतुया.”
लसूण तिनंच घातला होता. दोन दिवस बोलायचं नाही असं ठरवलं.

१२ मार्च
तपासणी झाली. पाठ फार रंगला. साहेबांनी मध्येच विचारलं, हिरडीतून रक्त आलं तर काय करावं? मी ताडकन सांगितलं, सफाई थांबवू नये, हलक्या हातानं चालूच ठेवावी. पुस्तकात तसंच आहे. साहेब टेबलापाशी रजिस्टर बघायला आले, मी जवळ जाऊन एकेक रकाना समजावला. मग ते शेवटपर्यंत खिडकीशी उभे होते. मोकळ्या हवेची आवड दिसते.
इंदापूर नक्की. कौसल्येला भांडी बांधायला सांगितलं.

३० मार्च
इंदापूरची ऑर्डर आली. महिपतीच्या नावानं.
मी त्याला विचारलं, काय वशिला लावलास? तो आणखी दोन पावलं मागं सरकला. मग म्हणाला, “सायबांनी मला बाजूला घेऊन इचारलं, ह्यांच्याजवळ पोरं बसत्यात कशी? मी काय बोललो न्हाय, मास्तर.”
हा काय बोलणार होता?
घरी येऊन तळहात तोंडापुढं धरला आणि फुंकर मारली. वही इथंच मिटतो.

२ एप्रिल, बारामती
पायोरिया. दातांखालचं हाड झिजलं आहे. पुढचे चार आजच काढले, दोन वरचे, दोन खालचे. बाकीच्यांची डॉक्टरांना खात्री नाही. रक्त कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हल्लीच. कौसल्या बाकावरून म्हणाली, “दोन वरसं झाली.” डॉक्टर म्हणाले, तेव्हाच नीट घासत राहिला असतात तर बहुतेक दात वाचले असते. माझ्या पाठात हे वाक्य तिसरं आहे.

५ एप्रिल
गाल सुजलेत. कौसल्या कण्या भरवते. विचारलं, वासाचं नीट समजावून का सांगितलं नाहीस?
“सांगितलं व्हतं,” ती म्हणाली. “तुमी दोन दिस बोलला न्हाय.”
पुढचा घास तोंडाशी धरून बसली. मी तोंड उघडलं.

११ एप्रिल
शाळेत गेलो. महिपती काल इंदापूरला गेला, त्याचाही वर्ग माझ्याकडेच. दोन्ही वर्गांना मिळून शुद्धलेखन घातलं. पहिलाच शब्द ‘दात’. तीनदा सांगितला. कोणालाच कळला नाही. हसलं मात्र कोणी नाही. शेवटी फळ्यावर लिहून दिला.