डावीकडची तक्रार

११ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा

ती. ताई,

साष्टांग घालायची इच्छा आहे, कंबरेची परवानगी नाही. तेव्हा खुर्चीतूनच नमस्कार पोचता करतो. आम्ही दोघं बरे आहोत. तुझे दोन्ही नवे गुडघे चार पायऱ्या उतरतात आणि पाचवीवर रुसतात हे वाचलं. स्वभाव घराण्यावरच गेलेला दिसतो.

आता आधी एक गंभीर तक्रार दाखल करून घे. वय वर्षं पंचावन्न, संस्कृत घेऊन एम. ए., तीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका काढून पोट भरलेला गृहस्थ. आणि त्याला एका चारचाकीने दर दोन मिनिटांनी चूक दाखवावी, हे कुठल्या न्यायात बसतं? पट्टा लावला नाही की टुं. दार नीट लागलं नाही की टुं. मागच्या महिन्यात मागच्या सीटवर कोबीचा गड्डा ठेवला, तर त्यालाही पट्टा लावा म्हणून टुं. लावला. कोबी सुखरूप घरी आला.

हे सगळं मी सोसलं असतं. पण या गाडीला डावीकडची खोड आहे. डावीकडे चिटपाखरू नसताना आरशात नारिंगी दिवा लागतो आणि टुंटुंटुं सुरू. उजवीकडे ती मौन पाळते, डावीकडे तिला भुतं दिसतात. दोनदा दुरुस्तीला नेली. दोन्ही वेळा 'सगळं ठीक आहे' म्हणून परत.

तुझी भावजय म्हणते, "अहो, कंपनीला खरमरीत पत्र लिहा. तीस वर्षं शब्द चाळताय, आता जरा कामाला लावा त्यांना." म्हणून मी टेबलाशी बसलो आहे. ती स्वयंपाकघरातून मधूनमधून विचारते, "लिहिताय ना?" मी "हो" म्हणतो. खोटं नाही ते. लिहितोच आहे. कुणाला, हे तिने विचारलेलं नाही.

तू विचारलं होतंस, "गाडी कशी आहे ते सरळ लिही, पंडिती नको." प्रयत्न करतो.

तुझ्या कामाची गोष्ट आधी: सीटची उंची. शोरूममधला विक्रेता मला इंजिनाची ताकद सांगत होता आणि मी खिशातून तुझी जुनी शिवणाची टेप काढली. तो म्हणाला, "सर, एकशे वीस घोडे आहेत." मी म्हटलं, "असू देत बिचारे. जमिनीपासून सीटपर्यंत किती इंच आहेत?" तुझ्या मशीनपुढच्या खुर्चीपेक्षा चारच बोटं उंच भरली. म्हणजे जुन्या बुटक्या गाडीत पडायचीस तसं पडायचं नाही आणि बसमध्ये चढायचीस तसं चढायचंही नाही. पाठ करून उभं राहायचं, टेकायचं, पाय आत घ्यायचे. झालं. त्याच क्षणी गाडी ठरली. रंग तुझ्या भावजयीने ठरवला. त्यावर मी काही बोललो नाही. संसार असाच टिकतो.

इंजिन लहान आहे, पण टर्बोचं. म्हणजे काय ते ऐक. जो धूर एरवी नळीतून वाया जायचा, त्याच्या जोरावर एक चिमुकला पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हे वाचलं तेव्हा मला तू आठवलीस. बाबांच्या विटलेल्या पँटीतून माझं दप्तर, दप्तरातून मशीनची खोळ, खोळीतून हात पुसायचं फडकं. तुझं आयुष्य टर्बोवरच चाललं, फक्त आपल्याला शब्द ठाऊक नव्हता.

मात्र या टर्बोला विचार करायला वेळ लागतो. पाय दाबला की आधी काहीच होत नाही. इंजिन ऐकून न ऐकल्यासारखं करतं. मग कुणीतरी पाठीत दोन्ही हातांनी ढकलावं तशी गाडी सुटते. "आमचा पंडित हाकेला आज हूं म्हणतो आणि उद्या उठतो," असं तू शेजारणीला सांगायचीस ना? तसंच. चढावर मात्र हिला तोड नाही. वाटेतला तो घाट, जिथे जुनी गाडी धापा टाकायची आणि आपण सगळे श्वास रोखून तिला मदत करायचो, तिथे ही तिसऱ्या गिअरमध्ये गप्पा मारत वर जाते.

दोषही लिहितो, नाहीतर म्हणशील विकायला बसलाय. माहितीपत्रकात लिटरला अठरा लिहिलंय. गावात बारा देते. हळू चालवली की रस्त्यावरचा एकेक खड्डा नाव-गावासकट कळवते. मागच्या काचेतून पाहणं म्हणजे पत्रपेटीच्या फटीतून जग पाहणं. मागे मधोमध बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात, म्हणून तिथे कोबी. सोबतची माहितीपुस्तिका मी पेन्सिल घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचली. छपाईच्या एकोणीस चुका निघाल्या.

त्या पुस्तिकेत एक सूचना आहे. लांबचा पल्ला किंवा चढ मारून आलात की इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर जागच्या जागी चालू ठेवा. टर्बो तापलेला असतो, त्याला निवू द्या. मी आज्ञाधारक. बाजारातून आलो तरी मिनिट पाळतो. तुझी भावजय पहिल्यांदा हसली. मग तिलाही सवय झाली. घरासमोर गाडी उभी, इंजिन हळू थरथरतंय, आणि आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसलोय. अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला, पण एकमेकांकडे न बघता बोलायची सोय आमच्या घरात नव्हती. त्या मिनिटात ती मला पुष्कळ काही बोलली. एकदा म्हणाली, "ताई आल्या की मला बरं वाटेल हो. मला कुणी मोठं असं नाहीच घरात." मी म्हटलं, "मी आहे की." ती म्हणाली, "तुम्ही फक्त उंच आहात."

आत्ता ती दारात येऊन गेली.

"किती पानं झाली?"

"तिसरं चालू आहे."

"'निर्लज्ज' घातलात का?"

"घालतो."

"आणि लिहा, की अकरा दिवस गाडी दारात पडून आहे, पंचवीस तारखेला आमच्या वन्संना आणायचंय, आणि तुमचा पार्ट कुठे अडकलाय? की मीच फोन करू त्यांना?"

"नको नको. लेखी बरं."

ती गेली. ताई, आता 'निर्लज्ज' लिहायचा तर तो कुणाला लावायचा, असा प्रश्न पडलाय. पार्ट वगैरे काही अडकलेला नाही. वरची सगळी तक्रार मी मागे घेतो. गाडी निर्दोष आहे.

अकरा दिवसांपूर्वी तिसऱ्यांदा दुरुस्तीला नेली. तिथला फोरमन माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. म्हणाला, "साहेब, मशीन लावून काही सापडत नाही. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो." निघालो. दुसऱ्या वळणावर मी डावीकडे घेतलं आणि आरसा पेटला. मी विजयाने म्हटलं, "बघा! आहे का कुणी?" तेवढ्यात गाडीने आपणहून करकचून ब्रेक लावला. बॉनेटवर थाडकन हात पडला. सायकलवर पावाची टोपली बांधलेला एक माणूस, चाकापासून वीतभर.

"डोळे घरी ठेवून निघालात काय?" तो ओरडला. दोन-तीन पाव रस्त्यावर पडले होते.

मी फोरमनला म्हटलं, "हा कुठून उपटला?"

त्याने मान वळवून मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "उपटला नाही साहेब. मागच्या कोपऱ्यापासून आपल्या डावीकडेच होता. घंटी पण वाजवत होता."

मी खाली उतरून पाव उचलू लागलो, तर पाववाल्यानेच माझ्या खांद्याला धरून बाजूला केलं. म्हणाला, "राहू द्या. तुम्हीच पांढरेफटक पडलात." परत येताना फोरमनने गाडी चालवली. कारखान्यात मला खुर्चीवर बसवलं, म्हणाला, "माझ्या नाकाकडे बघा," आणि उजव्या हातात पाना धरून तो माझ्या डाव्या बाजूने हळूहळू पुढे आणायला लागला. "दिसला की सांगा." मी वाट पाहत राहिलो. मी "दिसला" म्हटलं तेव्हा पाना माझ्या गालाजवळ आला होता.

तोच मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. तिथे एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवतात. मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ एकही दिवा लागेना. मी म्हटलं, "बाई, तुमचं यंत्र बिघडलेलं दिसतंय." ताई, माझा स्वभाव बघ. गाडी बिघडलेली, यंत्र बिघडलेलं, मी तेवढा शाबूत.

दिवे लागत होते.

काचबिंदू म्हणतात याला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. मी बाईंशी वाद घातला: मी मुद्रितशोधक आहे, आठ पॉइंटच्या बारीक छपाईतला निसटलेला अनुस्वार मला हातभर अंतरावरून दिसतो. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही उशिरा आलात. मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहते. कडेची जाते, आणि गेलेली कळत नाही." डाव्या डोळ्याची बरीच गेली आहे, उजव्याची थोडी. गेलेली परत येत नाही. उरलेली थेंबांनी धरून ठेवायची. तूर्त गाडी चालवायची नाही.

त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? बाबा आठवले. डावीकडचा पाण्याचा पेला रोज सांडायचा त्यांचा. दाराची चौकट खांद्याला लागायची. आपण दोघं हसायचो त्यांना वेंधळे म्हणून. ते वेंधळे नव्हते, ताई. तेव्हा तू आधी स्वतःचे डोळे तपासून घे. टाळू नकोस. हे विनंती म्हणून नाही लिहिलेलं.

फोरमनने कामाच्या कागदावर लिहिलं: 'गाडीत दोष नाही.' मी म्हटलं, "घरी काय सांगू?" तो म्हणाला, "खरं सांगा." मी घरी येऊन सांगितलं, पार्ट यायचाय. तेव्हापासून ज्या गाडीने पाववाल्याला वाचवलं, मला तुरुंगापासून वाचवलं आणि माझी उरलेली नजर मला दाखवून दिली, ती माझ्या तोंडून बदनाम होऊन दारात उभी आहे. अकरा दिवस मी आंघोळीच्या खोलीत जाऊन चोरून थेंब घालतो. आणि अकरा दिवस ते मिनिट बंद आहे. खरं तर तिथेच सांगायचं होतं.

पण सुदैव म्हणशील तर माझ्याइतकं कुणाचं? त्या दिवशी ब्रेक लावणारी गाडी होती. बरोबर बसलेला माणूस जाणता होता. पाववाल्याने शिवी देऊन वर पाणीही दिलं. आणि तुला नीट टेकता यावं म्हणून ही गाडी घेतली, नाहीतर जुन्या मुक्या गाडीत मला काही कळलंच नसतं. तुझ्या गुडघ्यांनी माझे डोळे पकडून दिले. तुझे उपकार मोजायचे मी कधीच सोडून दिलेत. हा आणखी एक.

पंचवीस तारखेला गाडी येईलच. फोरमन सुट्टी घेऊन चालवायला येतो म्हणालाय, मी न विचारता. तू पुढे डावीकडे बस, आम्ही दोघं मागे. कोबीला या खेपेला सुट्टी.

आज दुपारी तुझ्या भावजयीला खाली नेईन. गाडीत बसवीन. जागचं न हलता इंजिन सुरू करीन आणि समोरच्या भिंतीकडे बघत तिला सांगेन. ती आधी पार्टाच्या खोटेपणावरून भांडेल. ते मिनिटात आटोपणार नाही, पण पेट्रोल भरपूर आहे.

तुला आधी सांगितलं, कारण सवय. शाळेत जाताना तू मला भिंतीकडून चालवायचीस आणि स्वतः रस्त्याच्या बाजूने. गाड्या तुझ्या अंगाला घासून जायच्या. इतके दिवस मी सगळ्यांना मोठ्या तोऱ्याने सांगत फिरलो, ताईला सांभाळायला घरी आणतोय म्हणून.

आता पंडिती बाजूला ठेवून लिहितो. मला भीती वाटते. काम करताना वाटत नाही. थेंब घालून पाच मिनिटं डोळे मिटून पडतो तेव्हा वाटते. उरलेलं किती दिवस राहील हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. आणि त्याहून मोठी भीती ही, की हे पत्र वाचून तू म्हणशील, "त्याचं त्याला पुरेसं झालंय, वर माझा भार कशाला," आणि पिशवी भरलेली रिकामी करशील.

करू नकोस. ये. सुई अजून मला एका खेपेत ओवता येते.

तुझा,
पंडित