वाळ्यांसकट केलेलं वजन

आये, तुला जाऊन आठ वर्षं झाली, तरी तुलाच सांगते, कारण इथे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. माझी पोरगी नऊ महिन्यांची झालीय. आत्ता झोळीत झोपलीय, सासू बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकतेय. तोवर लिहून होतंय का बघते. सहावी शिकलेली मी, मला लिहायला वेळ लागतो.

परवा मी तलासरीकडच्या एका पाड्यावर गेले होते, चर्चच्या लोकांबरोबर. वसईकडून त्यांची गाडी येते दरवर्षी. नोकरीवाली माणसं असतात, कॉलेजच्या मुली असतात. चार दिवस राहतात, गरिबांच्या घरावर पत्रे घालून देतात, औषधं वाटतात, लहान पोरांची वजनं करतात. पण पाड्यावरच्या बायांना त्यांचं बोलणं कळत नाही आणि त्यांना बायांचं. आपल्या झाईत शिवणक्लास घेणारी चर्चची सिस्टर आहे, तिला कोणीतरी सांगितलं की मला वारली बोलता येतं. ती म्हणाली, येशील का, पैसे नाहीत हां, सेवा आहे. मी लगेच हो म्हटलं. मला आजपर्यंत कामाला खूप जणांनी बोलावलं, सेवेला कोणी बोलावलं नव्हतं. सासू म्हणाली, जा जा, येताना गळ्यात क्रॉस घालून ये. नवरा तिकडे गुजरातेत ओख्याला बोटीवर, फोन लागेना. मग मीच ठरवलं आणि पोरीला घेऊन गेले.

वारली मला तुझ्यामुळेच येतं. सुका जवळा नि बोंबील घेऊन तू पाड्यांवर जायचीस आणि बदल्यात भात आणायचीस, मी मागे मागे. अजून दिसतं. आपण जीपमधून उतरतो, तू पाटी डोक्यावर घेतेस, मी पाण्याची बाटली. अंगणात गोणपाट पसरून तू वाटे लावतेस. तराजू तू कधी ठेवला नाहीस, हातालाच कळायचं तुझ्या. एकदा एक बाई कडेवर पोर घेऊन आली, त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. तू ते पोर हातात घेतलंस, जरा वर उचललंस, परत दिलंस, आणि तिच्या वाट्यात अजून दोन मुठी टाकल्यास. वाटेत मी म्हटलं, आये, जास्त दिलंस तू. तू उभी राहिलीस. म्हणालीस, "दुसऱ्याच्या पोराच्या तोंडचं मोजायला लागलीस तर उद्यापासून माझ्या पाटीला हात लावू नको."

तर परवा शाळेच्या ओट्यावर वाशाला काटा टांगला होता, त्याला चड्डीसारखी झोळी. बाया लांब बसून बघत होत्या, उठेना कोणी. कॉलेजची मुलगी चित्रं दाखवून थकली. एक म्हातारी म्हणाली, पोर काय कोंबडी हाय, उलटं टांगायला? सगळ्या हसल्या. पण खरं तर त्यांना दृष्टीची भीती होती, मला माहीत आहे, आपल्यातही आहे ती. मी त्यांच्यात जाऊन बसले. समजावत होते, पोरांच्या अंगावरचं सगळं काढा, मणी, करदोडा, कपडे, नाहीतर वजन खोटं येतं. तेवढ्यात एकीने पाणी प्यायला म्हणून तिचं पोर माझ्याकडे दिलं. माझ्याच पोरीच्या वयाचं, सुकलेलं, डोळे मोठे. मला त्याची दया येत होती. आणि हातात घेतलं तर ते माझ्या पोरीपेक्षा जड.

मी ते पोर परत दिलं. मग सिस्टर म्हणाली, तू तुझीला बसव ना पहिली, म्हणजे यांची भीती जाईल. सगळ्या बाया बघत होत्या. पोरीच्या पायात वाळे होते, तू माझे जपून ठेवले होतेस ते, चांदीचे, चांगले जड. कमरेला साखळी, अंगात जाड फ्रॉक. मी तशीच बसवली. त्या मुलीने वाळ्यांकडे बोट दाखवलं तर मी म्हटलं, आमच्यात पोर चालायला लागेपर्यंत काढत नाहीत. आये, तेल लावताना मी रोज काढते ते. तिच्या तक्त्यावर वजन पिवळ्यात आलं, लाल पट्टीच्या जरा वर; लालमध्ये आलं की पोराला दवाखान्यातच न्यायचं. तिने लिहून घेतलं. मग बाया एकेक उठल्या, माझ्या सांगण्यावरून पोरांना उघडी करून झोळीत घातली.

जिचं पोर मी धरलं होतं, तिचं लालमध्ये आलं. तिला मीच समजावलं, डहाणूच्या दवाखान्यात पोराला घेऊन चौदा दिवस राहावं लागेल. तिने मला विचारलं, "तू गेली असतीस?" मी म्हटलं, हो. तिने पिशवीत एक लुगडं टाकलं आणि गाडीत येऊन बसली. घरी मोठी पोर आहे, नवरा वीटभट्टीवर, तरी आली. परत येताना माझी पोरगी रडायला लागली, म्हणून तिने जरा घेतली. खाली-वर केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हलकी हाय बाय, तुझी पण."

काल म्हावऱ्याच्या वखारीत गेले. माणसं जेवायला गेली होती, तेव्हा वाळे काढून पोरीला बर्फ तोलायच्या काट्यावर ठेवलं. आकडा त्या लालमधल्या पोरापेक्षाही खाली होता. तेव्हापासून मला धाकट्या भावाचंच आठवतंय. घरात कोणी आलं की तू त्याला भर उन्हाळ्यात गोधडीत गुंडाळायचीस. मला वाटायचं, त्याला थंडी वाजते. आता कळतंय, तू काय लपवत होतीस. तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, बरा होता की, अचानक काय झालं. तू गप्प बसलीस. तुलाही अशीच भीती वाटायची का? कोणाला सांगितलंस का गं तू? माझ्यावर रागावू नको, पण मला ते विचारायचंच होतं.

उद्या सिस्टर क्लासला येईल. तिला सांगणार आहे, परवाचं वजन खोटं आहे, पोरीला दवाखान्यात न्यायला माझ्याबरोबर चल. सासू आरडाओरडा करेल, लोक म्हणतील, गेली होती दुसऱ्यांना शिकवायला. म्हणू दे. भीती त्याची नाही. तिथे पहिलं विचारतील, पोरगी पिते काय. सासू सगळीकडे सांगते, आमच्या सुनेला दूध भरपूर, आणि मी मान हलवते. हा कागद मी चुलीत घालेन, म्हणून इथे लिहिते. आये, दोन महिने झाले, मला दूधच येत नाही. ती रडते तेव्हा मी नुसती छातीशी धरून बसते.