हायजीनच्या मास्तरांचं व्रत

१० जानेवारी १९५४, रविवार
हुपरीहून सकाळच्या एसटीने परत. श्यामलाच्या पैंजणांचं माप देऊन आलो. काल शेवटची गाडी चुकली, म्हणून मुक्काम पडला. (यात माझा दोष नाही. खानावळीत भाकरी उशिरा आली.) खानावळवाल्या हिराबाई बोलक्या. विधवा. वय पस्तिशीच्या आत. थंडी फार होती. बाकी नोंद करण्यासारखं काही नाही.
रात्री ९. एक गोष्ट आहे, पण ती नोंदणार नाही.

११ जानेवारी
नोंदतो. स्वतःशी खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही. खानावळीत झोपायची सोय नव्हती, बाईंच्या खोलीत होती. पहाटेपर्यंत तिथेच होतो. दोघांची राजीखुशी. विषय संपला. एकतीस वर्षं सांभाळलेलं ब्रह्मचर्य गेलं, पण एकदाच गेलं. सरासरी काढली तर काहीच नाही.
निश्चय: १८ फेब्रुवारीला श्यामलाशी लग्न. तोवर त्या गोष्टीचा विचारसुद्धा करायचा नाही. रोज पहाटे पाचला उठून शंभर सूर्यनमस्कार.

१२ जानेवारी
सातला उठलो. नमस्कार बारा. दिवसभर त्याच गोष्टीचा विचार.
नववीच्या वर्गावर हायजीन शिकवताना फळ्यावर 'संसर्ग' शब्द लिहिला आणि खडू थांबला. त्या खानावळीत नाना गावचे लोक उतरतात. बाईंना कुणाकडून काही भानगडीचा रोग लागला असला तर? त्यांच्याकडून मला? आणि माझ्याकडून श्यामलाला? जानेवारीत घाम फुटला. पोरांना म्हटलं, आज स्वाध्याय करा.

१३ जानेवारी
घाबरायचं कारण नाही. मी स्वतः हायजीनचा मास्तर. आमच्या पुस्तकात अकरावं प्रकरणच गुप्तरोगांवर आहे.
अडचण एवढीच, की गेल्या जूनमध्ये हेडमास्तरांच्या हुकमावरून त्या प्रकरणाची पानं मीच एकमेकांना चिकटवली. बावन्न प्रती. मैद्याची खळ. दोन रविवार गेले. हेडमास्तर पाठ थोपटून म्हणाले होते, अंबादासराव, काम चोख, आता ब्रह्मदेव आला तरी उघडायचं नाही. तेव्हा छाती फुगली होती. चिकटवताना निदान वाचून तरी घ्यायचं! पण मी मान दुसरीकडे वळवून चिकटवत होतो.

१४ जानेवारी, संक्रांत
माई आणि अक्का (आई आणि थोरली बहीण; घरात आम्ही तिघंच) हळदीकुंकवाला गेल्या. तेवढ्यात चहाच्या किटलीच्या वाफेवर पुस्तक धरलं. पानं सुटली, पण ह्या पानाची कातडी त्या पानावर. वाचता आलं ते असं: 'हा रोग झाल्यास प्रथमतः' पुढे खळ. 'तळहात व तळपाय यांवर तांबूस-तपकिरी डाग' पुढे खळ. 'हयगय केल्यास वेड लागून' खळ. 'तथापि घाबरण्याचे कारण नाही, कारण' आणि ते कारण खळीत गेलं.
तिळगूळ कडू लागला.

१६ जानेवारी
उपाय सुरू. पूर्ण सायंटिफिक. जोतीरामच्या दुकानातून पोटॅश आणलं, ते विहिरीत टाकतात ते. रोगजंतू जागच्या जागी ठार. जोतीराम म्हणाला, मास्तर, विहीर केवढी हाय? म्हटलं, बेताची. परातीत पाणी घेतलं, पुडी टाकली आणि अर्धा तास हातपाय बुडवून बसलो. मग उरलेला सगळा मी. पाणी जांभळंगर्द. मनाला फार बरं वाटलं.
शिवाय मिसळ बंद. रोगाला तिखट चालत नसणार.

१८ जानेवारी
अक्का न्हाणीघराचं दार ठोठावून म्हणाली, आत काय रंगपंचमी चाललीय काय? धोतराला डाग, टॉवेलला डाग, उंबऱ्याला डाग. म्हटलं, लग्नाआधी त्वचेची निगा घ्यावी लागते. ती म्हणाली, निगा घेतलेली दिसत न्हाय कुठं.
मिसळ खाल्ली. अर्धीच.

२१ जानेवारी
डाग! तळहातांवर आणि तळपायांवर! तांबूस-तपकिरी, पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. म्हणजे माझं निदान शंभर टक्के बरोबर. निदान बरोबर आल्याचा आनंद फार टिकला नाही.
पोटॅश दुप्पट.

२३ जानेवारी
डाग वाढले. औषधाची मात्रा कमी पडते आहे, दुसरं काय. पोटॅश तिप्पट. जोतीराम म्हणाला, बेताची विहीर लईच पोटॅश प्याया लागली की.
शाळेत लोकरीचे हातमोजे घालून गेलो. दुपारच्या उन्हात हेडमास्तरांनी विचारलं, थंडी वाजते का? म्हटलं, आतून वाजते. हे मात्र खरं होतं.

२४ जानेवारी, रविवार
विठाबाई मावशींकडे केळवण. मोजे काढावेच लागले, श्रीखंड कसं खाणार? मावशींनी हात बघितला आणि ओरडल्या, अगं बया, नवऱ्यामुलानं आधीच मेंदी लावली की गं! वीस बायका हसल्या. मीही हसलो.
घरी येऊन दार लावून बसलो. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो: श्यामला मला फार आवडते. पेठ वडगावला बघायला गेलो तेव्हा मान खाली न घालता सरळ माझ्याकडे बघत होती. ती तिथल्या शाळेत पहिलीला शिकवते. त्या मुलीला माझ्यामुळे काही झालं तर मी तोंड कुठे दाखवू? छे. आता हयगय नाही. डॉक्टरकडे जायचंच. उद्याच.

२५ जानेवारी
डॉक्टरकडे गेलो नाही. आधी रोगाचं मूळ शोधणं महत्त्वाचं. बुधवारी हुपरीला जाऊन बाईंची कडक चौकशी करायची. प्रश्न लिहून काढले. सतरा झाले.

२७ जानेवारी
हुपरी. पहिल्याच प्रश्नाला हिराबाईंनी हातातला पिठाचा गोळा परातीत आपटला. म्हणाल्या, अवो मास्तर, तुमी गेलासा आन मलाच घोर लागला. म्हटलं शहरातला मास्तर, बिनलग्नाचा, कुठनं कुठनं हिंडून आलाय कुणाला दक्कल? दुसऱ्याच दिशी मिरजंला जाऊन डागदराला समदं सांगितलं, रगत दिलं. काय न्हाय निघालं. पर आणि दोनदा यायला सांगितलंय, मी जाणार. नवरा जाऊन सा वर्सं झाली, मधी दुसरं कोन न्हाय. तुमी तुमचं रगत बघितलंसा का?
म्हटलं, मी निरीक्षण करतो आहे.
म्हणाल्या, व्हय? मग करा की, पर भाकरी खाऊन जावा.
माझ्यावर संशय! माझ्यावर, एका शिक्षकावर! बाई अशिक्षित, घाबरलेली दिसली. धीर देऊन आलो. उरलेले सोळा प्रश्न विचारायची गरज वाटली नाही.

२८ जानेवारी
डॉ. शेट्यांकडे गेलो. एका मित्राबद्दल विचारायचं आहे, म्हणून सुरुवात केली. ते म्हणाले, मित्राला घेऊन या. म्हटलं, मित्र लाजतो. म्हणाले, मग मित्राच्या वतीनं तुम्हीच बाही वर करा.
हात बघितले. वास घेतला. म्हणाले, पोटॅश किती टाकता? मी प्रमाण सांगितलं. डॉक्टर दोन मिनिटं खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग कंपाउंडरकडून अर्धं लिंबू मागवून माझ्या तळव्यावर चोळलं. डाग गेला.
डाग गेले, पण प्रश्न गेला नाही, असं त्यांचं म्हणणं. हा रोग गुपचूप बसतो, आज रक्तात दिसेलच असं नाही. आज एकदा तपासायचं, दीड महिन्यानं पुन्हा, तीन महिन्यांनी शेवटचं. लागलाच असला तर आता पेनिसिलीन आहे, बरा होतो, मरायचं कारण नाही. (हेच ते खळीत गेलेलं कारण असावं.) तोवर लग्न नको. आणि म्हणाले, मुलीला खरं सांगा. शिकलेली दिसते, समजून घेईल.
डॉक्टर माणूस चांगला, पण व्यवहार कळत नाही.

३० जानेवारी
मार्ग सापडला! बुद्धी शाबूत असली की मार्ग सापडतोच. श्यामलाचे वडील त्र्यंबकराव यांना भेटून सांगितलं, की मी तीन महिन्यांचं कडक ब्रह्मचर्यव्रत धरलं आहे, तरी लग्न मे महिन्यात करू. खोटं एक अक्षर नाही, व्रत आहेच, फक्त डॉक्टरनं सांगितलेलं. त्र्यंबकरावांचे डोळे भरून आले. म्हणाले, या काळात असा जावई दिव्यानं शोधून सापडायचा नाही.
आतून बांगड्या वाजल्या. श्यामला दारामागे ऐकत असावी.

६ फेब्रुवारी
व्रताची बातमी गावभर. वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेलेल्या माईने तिथे चार जणींना सांगितलं. हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर माझा सत्कार केला, हार-नारळ. आता दर शनिवारी 'इंद्रियनिग्रह' यावर मी बोलायचं. पहिलं व्याख्यान पाऊण तास रंगलं. बोलता बोलता माझा मलाच आदर वाटायला लागला. हुपरीला जो गेला होता तो मी नव्हतोच, असंही क्षणभर वाटलं.

१५ मार्च
दुसरी तपासणी. पहिल्यासारखीच स्वच्छ. डॉक्टरांनी विचारलं, मुलीला सांगितलं का? म्हटलं, योग्य वेळ बघतो आहे. म्हणाले, वेळ तुमची वाट बघत न्हाय हो मास्तर.

१९ मार्च
श्यामलाचं पत्र! बंद पाकीट, तिच्या हातचं. एवढंच लिहिलंय: 'बाबांना व्रत पटले. मला कळले नाही. खरे कारण एका ओळीत कळवावे. काहीही असले तरी मी रागावणार नाही.'
तीनदा वाचलं. जीव गलबलला. सांगून टाकावं. आजच सांगून टाकतो.

२० मार्च
एक ओळ लिहिली. फाडली. पुन्हा लिहिली. कोरडी वाटली. थोडी प्रस्तावना हवी.

२२ मार्च
उत्तर पाठवलं. आठ पानं. प्रस्तावना उत्तम साधली: मन, बुद्धी, संयम, गृहस्थाश्रमाची पूर्वतयारी. मूळ मुद्दा नवव्या पानावर घेणार होतो, पण पाकिटात आठच मावली. ते प्रत्यक्ष भेटीत सांगेन. एकूण पत्र फार सुंदर उतरलंय. शेवटी शनिवारच्या व्याख्यानाचा सारांशही जोडला.

५ एप्रिल
श्यामलाचं उत्तर नाही. विचारात पडली असणार. लेखणीचा परिणाम.

१० एप्रिल
शेवटची तपासणी. रक्त दिलं. रिपोर्ट चार दिवसांनी. उत्तर नाही.

१४ एप्रिल
दुपारी १. लग्नाची तारीख नक्की करायला अक्का वडगावला गेली होती, आत्ता परत आली. पदर कमरेला तसाच, पाणीही घेतलं नाही. म्हणाली, श्यामलानं स्वतः समोर येऊन सांगितलं: एक ओळ मागितली होती, प्रवचन आलं. तुमच्या भावाला काही लपवायचं असेल तर त्यांनी खुशाल लपवावं, आणि लपवायचं नसेल तर असा साधुपुरुष मी घेऊन काय करू? मला संसार करायचाय, मठ चालवायचा न्हाय. त्र्यंबकराव खाली मान घालून बसले होते. मुलीच्या पुढं त्यांचं काही चाललं नाही. तिला कराडकडचं स्थळ आलंय, मुलगा पोस्टात आहे, वैशाखातला मुहूर्त धरलाय.
मग अक्काने कमरेचा पदर सोडला. शेवटी म्हणाली, अंबू, तिनं विचारलं तवा सांगायचं होतंस की रे. काय असंल ते.
दुपारी ३. मुलगी उतावळी निघाली. वेळीच कळलं ते बरं.
दुपारी ४. बरं कसलं. वाटोळं झालं माझं. मीच केलं.
सायंकाळी ६. डॉ. शेट्यांचा कंपाउंडर रिपोर्ट देऊन गेला. रक्त तिसऱ्यांदा स्वच्छ. खाली डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: प्रकृती उत्तम, विवाहास हरकत नाही.
तो कागद घेऊन अंधार पडेपर्यंत पायरीवर बसलो. माईने दिवा लावता लावता विचारलं, कसला कागद रे? म्हटलं, शाळेचा.