मागची प्रत

मास्तर, त्या सकाळी मी नेहमीसारखी अंघोळ केली, देवीच्या फोटोला जास्वंद वाहिली आणि हातातली उदबत्ती तुम्ही दिलेल्या कॉम्प्युटरभोवती एकदा फिरवून मग बटण दाबलं. इतकी वर्षं हा नेम आहे. मुरबाडच्या माझ्या दुकानात आता लॅपटॉप आहे, ऑनलाइनची सगळी कामं त्याच्यावरच होतात, पण अर्जाचा कच्चा मजकूर मी अजून तुमच्याच मशीनवर, तुमच्याच त्या छोट्या एडिटरात लिहीत आलो. गेल्या महिन्यात मशीनमधून सुपात खडा वाजावा तसा आवाज येऊ लागला. दुरुस्तीवाल्यानं कान लावून ऐकलं आणि हसला. म्हणाला, "काका, याला आता देवघरातच बसवा. काय पाहिजे ते काढून घ्या, उद्याचा भरवसा नाय." म्हणून त्या सकाळी मी आतल्या फायली काढून घ्यायला बसलो, आणि पहिल्यांदाच त्यातला तुमच्या फायलींचा कप्पा उघडला.

तो मी आजवर उघडला नव्हता. मशीन देताना तुम्ही म्हणाला होतात, "यात माझं जुनं काय काय पडलंय, असू दे." असू दिलं. तुमची पिशवी, तुमचा चष्मा, तुमचा कप्पा, यांना हात लावायचा नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या गावच्या शाळेत चार यत्ता तुम्ही मला शिकवलंत. पुढे नोकरी सोडून शहापूरला कचेरीसमोर टायपिंगचं दुकान टाकलंत, तेव्हा बारावी होऊन घरी बसलेल्या मला गावातून बोलावून घेतलंत. मी तुमचा झालो तो तेव्हापासून.

तो एडिटर तुम्ही कल्याणहून आणलात तो दिवस मला आठवतो. एक फ्लॉपी आणि चार पानांची झेरॉक्स. खोकं नाही, काही नाही. शेजारच्या दुकानदाराकडे नवं मोठं सॉफ्टवेअर होतं, तो दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, एवढ्याशात मराठी उमटते तरी का?" तुम्ही म्हणालात, "तुझं उघडेपर्यंत माझा अर्ज टाइप होऊन कचेरीच्या आवक खिडकीला लागलेला असतो." आणि खरंच तसं होतं. आपलं मशीन कुठल्याशा बँकेनं टाकून दिलेलं, शेजाऱ्याचं ते मोठं सॉफ्टवेअर त्याच्यावर चढलंच नसतं. हा एडिटर मात्र बटण दाबलं की पापणी लवायच्या आत समोर. काळा पडदा, पांढरी अक्षरं. रंग नाही, चित्र नाही, लिहायचं आणि छापायचं एवढंच. त्यातली एक गोष्ट तुम्हाला फार आवडायची. एफ दोन दाबून फाईल सेव्ह केली की आधीची प्रत तो पुसत नसे. तिच्या नावाला वेगळं शेपूट लावून बाजूला ठेवी. एकच, शेवटची मागची. तुम्ही मला ते दाखवलंत आणि म्हणालात, "बघ, केलेली चूक हा विसरू देत नाय. माणसापेक्षा बरा आहे." मला ते वाक्य इतकं आवडलं की पुढे मी माझ्या गिऱ्हाइकांनाही ते ऐकवत आलो.

आमच्या गावाच्या नावाची फाईल तुमच्या कप्प्यात होती. आणि तिच्या खाली तिची मागची प्रत.

आता तो दिवस लिहितो. खडीच्या खाणीसाठी देवीचा डोंगर मागितला गेला होता आणि गावानं हरकत घ्यायची ठरवली. डोंगराच्या पोटात देवीचं ठाणं, वर राखलेलं रान, पायथ्याला झरा, झऱ्याखाली थोरल्या काकीचं भाताचं शेत. हरकतीचा अर्ज तुमच्याशिवाय कोण लिहिणार? अर्ध्या गावाला तुम्हीच अक्षर शिकवलेलं. संध्याकाळी तुम्ही तो टाइप केलात, दोन पानं. पहिल्या पानावर तळापर्यंत मजकूर, दुसऱ्यावर "आपले विश्वासू" आणि खाली सह्यांची जागा. ते घेऊन मी जीपनं गावी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर मोठ्यानं वाचून दाखवला. देवीच्या डोंगरावर घण पडता कामा नये, झरा आटला तर गाव आटेल, हे त्यात तुम्ही फार सुंदर लिहिलं होतं. थोरली काकी सगळ्यात पुढे बसली होती. तिनं अंगठा पुढे केला आणि परत मागे घेतला.

"वाचलास तसाच हाय ना रे कागदात?"

"तसाच आहे काकी."

"देवीची आण?"

"देवीची आण."

मग तिचा अंगठा पडला, आणि तिच्या मागून सगळ्या गावाचे.

दुपारी शहापूरला पोचलो. पॅडची शाई पहिल्या पानाला लागली होती. तुम्ही पान उजेडात धरलंत आणि म्हणालात, "हे असं नेऊ नकोस, साहेब तोंड वाकडं करील. पहिलं पान नवीन काढून देतो. तू तवर वडा खाऊन ये, सकाळपासून उपाशी दिसतोस." किती माया होती त्या बोलण्यात. मी वडा खाल्ला, तुमच्यासाठी चहा आणला. आलो तेव्हा पाकीट चिकटवलेलं होतं. मी ते आवक खिडकीला दिलं, शिक्का मारून घेतला, पोच घेतली.

सुनावणीला साहेबांनी अर्ज वाचला. गावाला पक्का रस्ता आणि देवळाला सभामंडप बांधून मिळणार असेल तर डोंगराच्या कामास गावाची संमती आहे. खाली सगळे अंगठे खरे. गाव माझ्याकडे बघत राहिलं. मी तसाच तुमच्याकडे धावलो. तुम्ही चष्मा काढून पुसलात. "हापिसात बदललं असंल. पहिलं पान काढून दुसरं लावायला त्यांना कितीसा वेळ?" मी म्हटलं, नक्कल काढू. तुम्ही म्हणालात, "नक्कल तरी त्याचीच मिळंल ना? शिक्का बसला, संपलं." आणि मी गावात येऊन तेच सांगितलं, कचेरीनं कागद बदलला. पंचवीस वर्षं सांगत आलो. त्या खिडकीवरच्या बिचाऱ्या कारकुनाला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं असेन. निवृत्त झाल्यावर तो एकदा माझ्याकडे पेन्शनच्या अर्जाला आला, तर मी त्याला बाहेरच्या बाकावर तासभर बसवून ठेवलं होतं.

गावानं मला वाळीत टाकलं नाही. आमच्याकडे तसं करत नाहीत. फक्त जत्रेला देवीपुढचा दिवा धरायचा मान आमच्या घराचा, तो त्या वर्षी कुणी माझ्या हातात दिला नाही. दिवा पुढे गेला, मी मागे चालत राहिलो. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्याही. थोरली काकी एकदाच बोलली. "तू लई शिकलास रे. एक वाचायचा नि दुसराच द्यायचा." मी म्हटलं, काकी, मी शपथ खाल्ली होती. ती म्हणाली, "तेच तर." तिच्या शेतात आता भाताच्या लोंब्यांवर पांढरी धूळ बसते. झरा पावसाळ्यापुरता उरला आहे. आणि तुम्ही? दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी मुरबाडला वेगळं दुकान टाकलं, तेव्हा हे मशीन तुम्ही मला दिलंत. मी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. तुम्ही गेलात तेव्हा मी सुतक पाळलं, मुलानं पाळावं तसं.

दोन्ही फायलींपुढे तारीख आणि वेळ दिसते. मागची प्रत आदल्या संध्याकाळची. दुसरी त्या दुपारची, दोन वाजून बारा मिनिटं. तेव्हा मी तुमच्या दुकानापासून पन्नास पावलांवर वडा खात होतो. वरचा आणि खालचा मजकूर तोच. मधला देवीचा डोंगर काढलेला, तिथे रस्ता आणि सभामंडप. वाक्यं तुमचीच आहेत मास्तर. तुमचं वाक्य मी कुठेही ओळखीन.

का केलंत, हे मला ठाऊक नाही. कुणी दबाव आणला, की खाण होणारच, निदान रस्ता तरी मिळू दे, असं तुम्हाला खरंच वाटलं? मग तसं गावात येऊन बोलायचंत. तुमचं ऐकलंही असतं लोकांनी. तुम्ही माझं तोंड वापरलंत, माझी शपथ वापरलीत. आणि उठण्याआधी नको ते पुसून टाक, असं मला रोज बजावणाऱ्या तुम्ही हे दोन्ही कागद पुसले नाहीत. ते विसरून राहिले, की मला कधीतरी सापडावेत म्हणून ठेवलेत, हा विचार मी पुष्कळ केला. ठेवले असतील तरी मी त्याला प्रामाणिकपणा म्हणणार नाही. माझी निम्मी हयात त्या कप्प्याला मान देण्यात गेली.

मंगळवारी मी दोन्ही प्रती छापून गावी नेल्या. देवळाच्या सभामंडपात, त्याच खाणीच्या फरशीवर, लोक बसले. आधी एक वाचली, मग दुसरी. मग काकीच्या थोरल्यानं विचारलं, "आन् तुला तवा काय कळलाच नाय?" मी म्हटलं, नाही. उठताना दोघांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. देवीचा अंगारा लावून मी परत आलो आणि काल हे पत्र लिहायला बसलो.

पण त्या दिवशी आवक खिडकीवर कारकुनानं पाकीट माझ्यासमोर फोडलं होतं. शिक्का मारायला त्यानं पहिलं पान सरळ केलं, आणि त्याच्या तळाला वीतभर कोरी जागा होती. मी वाचून दाखवलेलं पान तळापर्यंत भरलेलं होतं. मी ती जागा पाहिली. मागून कुणीतरी "चल रे, आटप" म्हणालं आणि मी पोच घेऊन बाजूला झालो. विचारू, असं मनात आलं होतं. सुनावणीनंतर तुमच्यासमोर उभा होतो तेव्हाही ती कोरी जागा मला दिसत होती, आणि कचेरीनं बदललं हे तुमचं म्हणणं मी घाईघाईनं उचललं.

आज सकाळी पहिल्या जीपनं गावी गेलो. काकी ओट्यावर वाल सोलत बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती हात न थांबवता म्हणाली, "मंग मंगळवारी देवळात बोललास ता?"

"ते खोटं बोललो."

"देवीच्या म्होरं?"

"हो."

तिनं मूठभर सोललेले वाल सुपात टाकले. मग म्हणाली, "मास्तर तं मेला. त्याला आता काय बोलू? तू जिता हायस म्हून तुला बोलतंय. रविवारी सगळी जमतील तवा परत ये नि ह्याच सांग." मी येतो म्हटलं. तिनं सूप माझ्याकडे सरकवलं. "आता बस, सोल. ऊन चढंल."

वाल सोलून झाल्यावर मी मुरबाडला आलो. मशीन अजून चालू होतं. काल सेव्ह केलेलं पत्र अंगाऱ्यापाशी संपत होतं, त्यात कोऱ्या जागेचा एक शब्द नव्हता. आज तो मजकूर घातला आणि एफ दोन दाबलं. म्हणजे मागच्या प्रतीत आता एक असं पत्र आहे, ज्यात सगळा दोष तुमचा आहे. ती मी पुसलेली नाही.