छपरावरचा कोंबडा

मामी, आज सकाळी आमच्या अंगणात नवी नाचणी आली. सून कणसं वाळत घालत होती आणि छपरावर कोंबडा आरवला. तेव्हापासून तू डोळ्यांपुढून हलत नाहीस. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याहून मी आता मोठा आहे, पन्नाशीला टेकलोय. तेव्हाचं जव्हार संस्थानही राहिलं नाही. तरी तुला असा कागद लिहायला बसलं की मी पुन्हा तुझा तोच भाचा होतो, नुकतीच मास्तरकी लागलेला, सुट्टीत आराम करायला तुझ्या घरी आलेला.

पोशेरा गावाच्या वरच्या माळावर तुमचं ते एकटं घर. आजूबाजूला झाड नाही, नुसतं गवत. कुडाच्या भिंतीतून वारा आत शिरायचा आणि चुलीतली राख उडवायचा. पाडा खाली, दरीच्या कडेला. मी दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहत होतो, पण मानमोडीच्या तापाची साथ पसरली आणि शाळा आधीच बंद पडली. जव्हारात रोज कोणी ना कोणी जात होतं. आई म्हणाली, माळावर मोकळी हवा आहे, मामाकडे जा. मी पोचलो तेव्हा मामा तापातून नुकता उठून भिंतीला टेकून बसला होता. मला बघून म्हणाला, "या मास्तर! पाहुणचाराला बरा मुहूर्त काढला." तू चुलीपुढून ओरडलीस, "आधी पाय धू. मग मामाला शिकव, कसं मरायचं नाय ते." मामा इतका हसला की त्याला खोकला आवरेना.

घरातलं जुनं धान्य संपलं होतं. पाड्यावर ज्या घरांत चूल पेटत नव्हती तिथे तू टोपलीने पीठ पोचवलं होतंस. आता तू दरीत जाऊन कडूकंद खणतेस, त्याच्या चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवतेस, कडूपणा गेला की शिजवतेस. आणि दारासमोर शेतात नाचणी पिकून तांबूस झाली आहे. पण भगताने खळ्यावर येऊन कणसरीची पूजा करायची, धान्याच्या त्या देवीला कोंबडा द्यायचा, त्याआधी नवा दाणा घरात येत नाही. तो रीतीचा भगत खाली पाड्यावर तापाने पडलेला. "देवी उठवील त्याला," तू म्हणायचीस. "तिचंच काम अडलंय ना?"

मग तूच पडलीस. कंद पोटात राहीना, खाल्लं की उलटून पडायचं. मामाने विचारलं, काय खाशील, तर तू म्हणालीस, "नाचणीची पेज. पण जुनी." जुनी नव्हतीच. मी शेतातून कणसं ओढून आणली आणि ओटीवर बसून तळहातावर चोळायला लागलो. तू अंथरुणातून बघत होतीस. "ठेव ते. देवीच्या आधी तोंड घालायचं, हे शिकवतोस पोरांना?" मी म्हणालो, "मामी, देवी आई आहे ना? आई उपाशी ठेवते का?" तू म्हणालीस, "आई थांबायला शिकवते," आणि भिंतीकडे तोंड केलंस. मी कणसं शेताच्या बांधावर नेऊन ठेवली. 

दुसऱ्या दिवशी मामा काठी टेकत पाड्यावर उतरला आणि लगेच परत आला. भगत पहाटेच तापाने गेला होता. मामा घरात आलाच नाही, खळ्यावर बसून राहिला. बऱ्याच वेळाने मला म्हणाला, "आज मीच भगत." त्याने सारवलेल्या जागी कणसं ठेवली, कुंकू वाहिलं. दिवा लावला, तो वाऱ्याने विझला. भगत म्हणायचा त्यातलं आठवेल तेवढं तो पुटपुटला, आठवेना तिथे नुसते हात जोडून उभा राहिला. मी छपरावरच्या कोंबड्याकडे बोट दाखवलं. मामा म्हणाला, "तो राहू दे. तो द्यायचा हक्क माझा नाय. मी नुसतं मागून घेतोय. नवा भगत येईल, तो देईल." मग जात्यावर तो स्वतः बसला. पुरुषमाणूस दळताना मी पहिल्यांदा पाहिला. हाताला जोर नव्हता, मध्येच थांबायचा, पण मला बसू देईना.

तो वाडगा घेऊन आला तेव्हा तू डोळे उघडलेस. "भगत आला होता?"

"आला होता."

"काय म्हणाला?"

"तुझी चौकशी केली."

आणि छपरावर कोंबडा आरवला. तिघांनीही ऐकलं. मामाच्या हातातला वाडगा कलला, पेज त्याच्या बोटांवर सांडली. तू वर छपराकडे पाहिलंस, मग मामाकडे, खूप वेळ. मग म्हणालीस, "वाडगा नीट धर, सांडतंय." आणि सगळी पेज प्यालीस, तळाची बोटाने पुसून घेतलीस.

दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत तू गेलीस. मामा मरेपर्यंत म्हणत राहिला, देवी कोपली. मी म्हणायचो, ताप होता मामा, सगळ्या मुलखाला होता. तो मान हलवायचा, पण मानायचा नाही. मला मात्र वेगळंच छळतं. कोंबडा आरवला तेव्हाच तुला सगळं कळलं होतं, तरी तू प्यालीस. भुकेने प्यालीस, की मामा खोटा पडू नये म्हणून?

मी रोज देवापुढे बसतो, मामी. रीत मोडणारा माणूस नाही. आज संध्याकाळी भगत येईल, पूजा होईल, कोंबडा दिला जाईल. पण सकाळी सून अंगणातून आत गेल्यावर मी मूठभर नवे दाणे दळले आणि आजारी नातवाला पेज करून पाजली. दरवर्षी, घरात जो अशक्त असेल त्याला मी असंच पाजतो. हा कागद कुठे पाठवायचा, माळावर आता घरही नाही. आणि तू समोर बसून विचारलं असतंस, तर मीही मान खाली घालून हेच सांगितलं असतं, की भगत आला होता.