आत्यांच्या पसंतीची सीट

रविवार, ९ नोव्हेंबर

फुलंब्रीपर्यंत जाऊन आलो. आत्या उतरल्या त्या कमरेवर हात ठेवूनच.

"सीट हाय का फळी?"

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई. वय सदुसष्ट. त्यांना मेहकरला धाकट्या बहिणीकडं, गयामावशीकडं जायचंय. आणि तेही माझ्या मोटरसायकलवर! संघपाल म्हणाला, "आई, कार करून देतो ना." तर ठाम नकार. "विशाखाच्याच गाडीवर जायचं."

नवऱ्याचा चेहरा पडला, माझा फुलला. गाडी घेतल्यापासून घरातलं कुणी माझ्या मागं भाजीबाजाराच्या पुढं आलेलं नाही. लॅबला एकटी जाते, एकटी येते. आणि आता थेट मेहकर! पण ही सीट बदलल्याशिवाय काही खरं नाही. फुलंब्रीतच माझीही पाठ बोलायला लागली होती.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सीटवर घालायची, आत मऊ जेल भरलेली गादी मागवली. सकाळी लॅबला जाताना झकास वाटली. दुपारी उन्हात तापली, त्यात आत्या बसल्या. "तव्यावर बसवलं का मला?" शिवाय ब्रेक मारला की गादी पुढं सरकते. परत पाठवली.

रविवार, १६ नोव्हेंबर

शहागंजजवळ गफ्फारभाईंचं सीटचं दुकान आहे. तिथं एक तयार रुंद सीट लावून बघितली. गफ्फारभाई म्हणाले, "मॅडम, लंबे सफर के वास्ते यहीच बढिया." बसायला सोफाच! पण माझे पाय जेमतेम बोटांवर टेकतात. पहिल्याच सिग्नलला गाडी कलंडता कलंडता वाचली. नको.

आत्यांची वेगळीच तक्रार. "पाठ टेकायला काय नाय. आन् चढताना पाय लई वर न्यावा लागतो."

"अहो आत्या, तुमचा तर सहज गेला."

"माझा गेला गं," म्हणाल्या आणि दुसऱ्या सीटवर मुठी दाबत बसल्या.

शेवटी ठरलं – आपलीच सीट गफ्फारभाईंकडं बदलायला द्यायची. पुढचा फोम कापून माझ्यासाठी खाली करायचा, मागं घट्ट फोम भरून रुंदी वाढवायची, पाठीला टेकू, आणि चढायला लोखंडी पायरी.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सीट दुकानात. गाडी अंगणात पिसं काढलेल्या कोंबडीसारखी दिसतेय. लॅबला रिक्षानं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सीट बसवली! माझे दोन्ही पाय पूर्ण टेकले. मी खूश, गफ्फारभाई खूश. आत्या बसल्या, उठल्या, परत बसल्या. "टेकू कमरेच्या खाली लागतोय. जरा वर घ्या."

त्यांनी वर घेतला. मग म्हणे तो रुंद करा.

"अम्मा, अब क्या पलंग बनाऊं?"

"जमत आसंल तर बनव की."

सगळं दुकान हसलं. आत्या मात्र हसल्या नाहीत. टेकू रुंद करूनच घेतला.

रविवार, २३ नोव्हेंबर

पाचोडला जाऊन आलो. इतक्या वेळात मी सीटवर एकदाही चुळबुळ केली नाही. असा हलका वाटला रस्ता! पाचोडला चहा घेतला. आत्या गाडीवर आधी एका बाजूला पाय सोडून बसून बघत होत्या, मग दोन्हीकडं पाय टाकून. चार-पाचदा तरी. चहावाला बघतच राहिला.

"लुगड्यावर तोल जातो," म्हणाल्या. घरी येताना सलवार-कमीज घेतला. अंगापेक्षा चांगलाच ढगळ. मी म्हटलं, लहान मापाचा घ्या. "आसू दे, बसायला मोकळं बरं."

संघपालला दाखवला तर तो म्हणाला, "आता हेल्मेट घातलं की आईला मी ओळखणारच नाही."

शनिवार, २९ नोव्हेंबर

मेहकर! उजाडताना निघालो. जालना मागं पडलं तशा आत्या बोलायला लागल्या – लहानपणी दोघी बहिणी नदीवर कशा पोहायच्या, गया कशी खोल पाण्यात शिरायची. सिंदखेडराजाला नाष्टा केला. आत्यांची कंबर ठीक, माझी ठीक. वाटत होतं, असंच पुढं जात राहावं.

गयामावशी काठी टेकत दारात आल्या. एकट्याच राहतात. मागच्या वर्षी अंगणात पडल्या, तेव्हापासून उंबऱ्याबाहेर फार नाहीत. आत्यांपेक्षा अंगानं थोराड. दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज माझ्या मागं बसून गयामावशी घरी आल्या. आता आमच्याकडंच राहणार.

सकाळी आत्यांनी त्यांना गाडीवर बसवलं, टेकू हातानं दाबून बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कारमधी, एसटीत ती ओकून ओकून बेजार व्हती. म्हून यायलाच घाबरायची. तिला बसवायच्या आधी म्हटलं, मीच बसून बघते."

वाटेत जागोजाग थांबत आलो. मावशी म्हणाल्या, कंबर दुखली नाही.

आत्या एसटीनं आल्या. आमच्या आधी पोचल्या. मागची खोली झाडून, गादी घालून ठेवली होती.