नकाशातला पांढरा भाग

६ मे, मंगळवार

भाओजींचा फोन. ताईला पाच दिवस ताप. उतरला म्हणेस्तोवर पुन्हा चढतो. डोकं इतकं ठणकतंय की पडदे ओढून पडून आहे. डॉक्टरला दाखवा म्हटलं. "दाखवलं की. साधा ताप म्हणतात." पाच दिवसांचा साधा ताप!

ऑफिसात एक्केचाळीस बाटल्या. पश्चिमेच्या कुरणांतल्या मेंढ्या, दोन कुत्री, एक साळिंदर. बाटलीतला गोचीड काढायचा, मायक्रोस्कोपखाली जात ओळखायची, रजिस्टरात लिहायचं — कुठली जात, कुठल्या जनावरावर, कुठल्या गावात — आणि नकाशावर त्या जागी ठिपका द्यायचा. सतरा वर्षं हेच. ताई लोकांना सांगते, "आमची धाकटी गोचिडांची शिरगणती करते." सांगू दे. दोन वेळा पोट त्यावरच भरतं.

८ मे, गुरुवार

ताईला हॉस्पिटलात ठेवलं. अंगावर पुरळ उठलंय. आधी मनगटांवर, मग घोट्यांवर, मग पोटावर. भाओजी सहज सांगत होते. हा क्रम मी पुस्तकात शंभरदा वाचलाय.

गोचीड चावला होता का, विचारलं. "आठवत नाही म्हणते. दिवसभर मेंढ्यांतच असते ती, कुठे बघत बसणार." खरं आहे. गोचिडाचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं. चावतं ते कळतही नाही.

शेवटी म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, गोचिडाचा ताप आपल्या खोऱ्यात नाहीच."

नाहीच! उद्या पहिल्या बसने जाते.

९ मे, शुक्रवार

ताईने मला ओळखलं, पण नाव थोरल्या काकूचं घेतलं. ओठ फुटलेत. हात हातात घेतला तर भाजला. कॉटखाली तिच्या चपला होत्या, टाचांना गोठ्यातलं शेण वाळलेलं. ते नखाने खरवडत बसले. दुसरं काय करणार.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. थकलेल्या, पण चांगल्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांच्या मागे भिंतीवर माझा नकाशा. पिवळा, नारिंगी, लाल. ताईचं खोरं पांढरंशुभ्र. कोपऱ्यात आमच्या खात्याचं नाव. माझं नाव नाही. एरवी ही माझी तक्रार असते.

"नियम आहे," त्या म्हणाल्या. "रंगीत भागातला पेशंट असेल तर गोचिडाच्या तापाचं औषध लगेच सुरू. पांढऱ्या भागातला असेल तर तो ताप धरायचाच नाही. तिथलं रक्त प्रयोगशाळा घेतसुद्धा नाही, परत पाठवते." मी म्हटलं, पुरळ तर तसंच आहे. "पुरळ दहा रोगांत येतं. मी अंदाजाने औषध देत सुटले तर उद्या जाब मलाच विचारतील."

तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. मग म्हटलं, "बरं, बघा काय ते." आणि उठले. हे लिहून ठेवते, कारण उद्या मीच मला खोटं सांगेन.

१० मे, शनिवार

जे काल बोलले नाही ते हे.

गोचीड स्वतः कुठे जात नाही. गवताच्या पात्यावर बसून वाट बघतो. पिल्लू उंदराचं रक्त पितं, जरा वाढलं की सशाचं, मोठं झालं की मेंढीचं. ससा डोंगर ओलांडतो, हा त्याच्या कानात बसून ओलांडतो. जिथे जनावर तिथे तो. ताईच्या खोऱ्यात उंदीर आहेत, ससे आहेत, मेंढ्या तर माणसांपेक्षा जास्त. आणि गोचीड तेवढा नाही? पोरासोरांनाही पटणार नाही. मला सतरा वर्षांच्या अनुभवाने पटलं.

नकाशात पांढरं दोन तऱ्हेचं असतं. एक, शोधलं आणि सापडला नाही. दुसरं, कोणी शोधलंच नाही. दुसऱ्याला करडा रंग द्यायचा म्हणून मी दिला होता. साहेब म्हणाले, "छपाईत डाग पडल्यासारखं दिसतं, काढून टाका." काढून टाकला. वाद नको म्हणून. इथवर दोष अर्धा त्यांचा.

पुढचा सगळा माझा. त्या खोऱ्यातून एक बाटली आली होती. तिथला म्हातारा वनरक्षक अधूनमधून पाठवायचा. बाटलीत चिठ्ठी टाकायची ती पेन्सिलने लिहायची, शाई स्पिरिटमध्ये विरघळते — चार वेळा कळवलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. पाचव्यांदाही शाई. स्पिरिट निळं, चिठ्ठी कोरी. गावाचं नाव वाचता येत नसेल तर नकाशावर ठिपका द्यायचा नाही, हा नियम. एक फोन केला असता तर गाव कळलं असतं. केला नाही. मनात म्हटलं, एकदा अद्दल घडू दे याला. बाटली शंकेच्या खोक्यात टाकली. त्याच आठवड्यात नकाशा छापायला गेला.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. घडवली अद्दल.

११ मे, रविवार

पहाटेच्या बसने परत. कुलूप उघडून एकटीच ऑफिसात. बाटली सापडली, खोक्यात तळाशी. सात गोचीड. पहिला काचेखाली धरला आणि ओळखला. तोच, ताप देणारा. उरलेले सहाही बघितले, उगाच. सातही तेच.

वनरक्षकाला फोन लावला. आता निवृत्त आहेत. मला वाटलं शिव्या देतील. म्हणाले, "हां, तो ससा. दगडी पुलाच्या वरच्या अंगाला मिळाला होता, कान नुसते भरलेले. मी मागाहून पत्रही टाकलं होतं बाई, चिठ्ठी पुन्हा शाईने लिहिली गेली म्हणून. पोचलं नाही का?" पोचलं होतं. फाइलला लागलेलं आहे, माझ्याच हाताने. न वाचता लावलं असणार.

दगडी पूल ताईच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर.

त्यांनी विचारलं, का हो, काय झालं? बहीण आजारी आहे म्हटलं. मग म्हणाले, "मग इथे वेळ घालवू नका."

लगेच डॉक्टरीणबाईंना फोन. सगळं सांगितलं, अद्दलीसकट. त्या रागावल्या नाहीत. ताईचं रक्त काढून ठेवते म्हणाल्या. पण तोंडी सांगण्यावर वॉर्डात औषध सुरू करता येत नाही. "खात्याच्या कागदावर लिहून द्या. सही-शिक्क्याचं. मी तासाभरात सुरू करते."

१२ मे, सोमवार

साहेब म्हणाले, "एका बाटलीवरून?" म्हटलं, सात गोचीड आहेत. म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या नकाशात दुरुस्त करू. आता लिहून दिलं तर गेल्या दोन वर्षांचं कोण निस्तरणार? झाकली मूठ राहू द्या." म्हटलं, साहेब, माझी सख्खी बहीण आहे. "म्हणूनच म्हणतो, तुमचं डोकं ठिकाणावर नाही."

ते जेवायला गेले. पत्र मीच लिहिलं. खोऱ्यात हा गोचीड आहे, सशावर सापडला आहे, नकाशा चुकीचा आहे, चूक नोंद करणाऱ्याची आहे. खाली माझी सही. शिक्का त्यांच्या टेबलावरचा. फॅक्स गेला पावणेदोनला.

सतरा वर्षांत पहिल्यांदा कशावर तरी माझं नाव गेलं.

१३ मे, मंगळवार

औषध कालच सुरू झालं, तीन वाजता. शुक्रवारी तोंड उघडलं असतं तर तीन दिवस आधी झालं असतं.

१४ मे, बुधवार

ताप तसाच. भाओजी फोनवर नुसते हुंकार देतात. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

मेमो मिळाला. अधिकार नसताना शिक्का वापरला. खरंच वापरला. पावती दिली.

१५ मे, गुरुवार

ताप नाही. सकाळपासून नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले, नळ सोडून.

१८ मे, रविवार

ताई उशीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "आलीस? तुझी गोचिडं मला खाऊन जात होती." हसली. मला हसता येईना.

सांगून टाकलं. भाओजीही होते. शाई, चिठ्ठी, खोकं, शुक्रवार. भाओजी उठून बाहेर गेले ते गेलेच. ताई बराच वेळ चादरीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "लहानपणी मी तुझी पाटी पुसली म्हणून तू दोन महिने माझ्याशी बोलली नव्हतीस. तशीच आहेस." एवढंच. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

निघताना म्हणाली, "त्या म्हाताऱ्याची माफी माग. माझी नंतर." उद्या-परवा जाऊन भेटेन म्हटलं. लाज वाटते.

२२ मे, गुरुवार

साहेबांनी करड्या रंगाला परवानगी दिली. बैल गेला नि झोपा केला. तरी बैल गेला नाही, एवढं नशीब. ताई वाचली. आज पहिल्यांदा नीट जेवले. म्हाताऱ्याकडे मात्र अजून गेलेले नाही.

२४ मे, शनिवार

डॉक्टरीणबाईंचा फोन. ताईच्या रक्तात तोच ताप निघाला. तिला दुपारी घरी सोडलं. मग म्हणाल्या, तुमचं पत्र आल्यावर मी जुने कागद काढून बसले. नकाशा भिंतीवर लागल्यापासून त्या खोऱ्यातून सहा जण आले होते, हाच ताप, हेच पुरळ. दोघं वाचले. गेलेल्या चौघांची नावं मी मागितली. त्या वाचत गेल्या, मी लिहीत गेले. तिसरी आमच्या वनरक्षकाची बायको. गेल्या वर्षी, मार्चात. त्या रविवारी फोनवर ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.